मऊ आमिषांचे रंगकाम : एअरब्रश निवडण्यापूर्वी

घरी ओतलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या आमिषावर साधा ॲक्रिलिक रंग फवारला, तर तो दिसतो देखणा आणि वाळतोही लवकर; मात्र पहिल्या चोणकाने तोंड मारताच कांद्याच्या सालीसारखा सुटून येतो. कित्येकदा तेवढीही वाट पाहावी लागत नाही. डब्यात आठवडाभर ठेवलेली आमिषे एकमेकांना चिकटतात आणि रंग बोटांना लागतो. अशा वेळी दोष बहुधा एअरब्रशला दिला जातो आणि अधिक महागाचा एअरब्रश मागवला जातो. मऊ आमिषांच्या बाबतीत एअरब्रशची निवड नॉझलच्या आकारापासून सुरू करण्याची रीत आहे. खरे तर ती रंगापासून सुरू व्हायला हवी.

हे हत्यार गोव्यात अनोळखी नाही. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यांत गणेश चित्रशाळांमध्ये कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते; मूर्तीच्या अंगकांतीवरील छटा, पीतांबरावरील हलकी झळाळी हे काम आता अनेक ठिकाणी हवेच्या दाबावर होते आणि डोळ्यांची आखणी मात्र हातानेच केली जाते. तथापि मातीची मूर्ती रंग शोषून घेते, हलत नाही, वाकत नाही. मऊ आमिषाचे सारे कर्तृत्वच वाकण्यात आणि थरथरण्यात असते. म्हणून चित्रशाळेतील अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडतो.

वेर्ण्याहून मंडीदीपला

गोव्यातील गरवणाऱ्यांना तयार आमिषांचा तुटवडा तसा जाणवत नाही. मांडवी, झुआरी आणि शापोरा या नद्यांच्या मुखांशी चोणक, तामसो, गोबरो यांच्यामागे लागणाऱ्यांसाठी बाजारात येणारी परदेशी आमिषे चालून जातात, कारण ती मुळात चोणकासारख्याच माशांसाठी घडवलेली असतात. ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामंडी म्हणून खेळाच्या मासेमारीचा राजा मानला जातो. गरज निर्माण होते ती पाणी बदलल्यावर.

भोपाळजवळचे मंडीदीप हे त्याचे चांगले उदाहरण आहे. भोपाळहून नर्मदापुरमकडे, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रायसेन जिल्ह्यात ही औद्योगिक वसाहत आहे. ल्युपिनसारख्या काही कंपन्यांचे कारखाने गोव्यातही आहेत आणि मंडीदीपलाही. त्यामुळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदली होणे या क्षेत्रात नवलाचे नाही. सोबत गरी घेऊन गेलेल्या माणसाला तेथे खारे पाणी मिळत नाही. मिळते ती बेतवा नदी, भोजपूरपाशी तिला मिळणारी कलियासोत आणि भोपाळच्या परिसरातील केरवा, कोलार, हलाली यांसारखे जलाशय. मासे वेगळे: मरळ, शिवडा आणि नशीब असेल तेथे महशीर. त्यांचे भक्ष्यही वेगळे. बांगडा किंवा तारली यांच्या रूपाची आमिषे तेथे परकी ठरतात. चंदेरी अंगाचा बारीक चिलवा, बेडूक आणि गोड्या पाण्यातील कोळंबी यांची नक्कल हवी असते. ती तयार मिळतेच असे नाही, म्हणून माणूस साचा घेऊन स्वतः ओतू लागतो आणि ओतू लागला की रंगाचा प्रश्न येतो.

या गावाच्या नावातच पाणी आहे. मंडीदीपमधील ‘दीप’ हा ‘द्वीप’ असल्याचे सांगितले जाते. अकराव्या शतकात राजा भोजाने भोजपूरपाशी बांध घालून अडवलेल्या प्रचंड सरोवरातील हे बेट होते, अशी परंपरागत समजूत आहे. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो बांध फोडला. बांध फोडायला सैन्याला तीन महिने लागले, सरोवर रिकामे व्हायला तीन वर्षे आणि तळाची जमीन वस्तीयोग्य व्हायला तीस वर्षे, अशी गोंड लोकांमधील आख्यायिका एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. होशंगाबादला नाव मिळाले ते याच सुलतानाचे. आज ज्या पठारावर ट्रॅक्टर आणि औषधे तयार होतात तेथे एकेकाळी मासे फिरत असावेत, हा विचार गरवणाऱ्याला सुचल्यावाचून राहत नाही.

आणखी थोडे पुढे, त्याच रस्त्याच्या बाजूला भीमबेटका आहे. येथील शैलाश्रयांतील चित्रे १९५७ मध्ये जगापुढे आणली ती नीमच येथे जन्मलेल्या विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी पुरातत्त्वज्ञाने. रंग फुंकून उडवण्याची कल्पना एअरब्रशहून किती जुनी आहे, याचा पुरावा मात्र इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर आहे: भिंतीवर तळवा ठेवून भोवती रंग फुंकलेल्या तेथील हस्तचिन्हांपैकी एकाचे वय सुमारे ४०,००० वर्षे ठरले आहे. यंत्र म्हणून एअरब्रशचा इतिहास बराच अलीकडचा. १८७६ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली याने रंग उडवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या जुळ्या भावांपैकी हा एक. १८७९ मध्ये ॲब्नर पीलर याने हवेच्या दाबावर चालणारे अधिक सुधारित साधन बनवले आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक याने त्याला आज परिचित असलेले, लेखणीसारखे रूप दिले.

आमिष कशाचे आहे?

मऊ आमिषे बहुतांशी प्लॅस्टिसॉलची असतात. पीव्हीसीची बारीक भुकटी एका तेलकट द्रवात मिसळलेली असते. हा द्रव म्हणजे प्लॅस्टिसायझर. मिश्रण साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की दुधाळ द्रव पारदर्शक व दाट होतो, साच्यात ओतता येतो आणि थंड झाल्यावर रबरासारखा मऊ राहतो. हा मऊपणा टिकतो तो आत अडकलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे आणि तो पूर्णपणे अडकून राहत नाही, हीच रंगकामातील मुख्य अडचण आहे. तो हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. नव्या आमिषाला हात लावल्यावर जाणवणारा ओशटपणा हाच. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग या ओशट थरावर नुसता बसतो, आत शिरत नाही. शिवाय खालून येणारा द्रव त्याला मऊ करून चिकट बनवतो.

त्यामुळे प्लॅस्टिसॉलवर टिकणारा रंग त्याच कुळातला असावा लागतो. त्याचे दोन प्रकार व्यवहारात दिसतात. पहिला, विद्रावकात विरघळवलेल्या व्हिनाइलचा रंग. त्यातील विद्रावक आमिषाचा पृष्ठभाग किंचित मऊ करतो, रंग त्यात रुततो आणि विद्रावक उडून गेल्यावर दोन्ही एकजीव होतात. दुसरा, प्लॅस्टिसॉललाच रंगद्रव्य घालून आणि योग्य विद्रावकाने पातळ करून फवारायचा आणि नंतर उष्णता देऊन पक्का करायचा. पहिला सोपा, दुसरा चिवट. दोन्हींवर शेवटी पारदर्शक थर दिल्यास दातांचा मार अधिक सोसला जातो. पुष्कळ जण त्यासाठी रंगवलेले आमिष गरम, स्वच्छ प्लॅस्टिसॉलमध्ये क्षणभर बुडवून काढतात.

बाजारात आणखी एक प्रकारची मऊ आमिषे आहेत. ती थर्मोप्लॅस्टिक इलॅस्टोमरची असतात, विलक्षण ताणली जातात आणि पाण्यावर तरंगतात. प्लॅस्टिसॉलच्या आमिषांसोबत एकाच डब्यात ठेवल्यास ती वितळून एकमेकांत मिसळतात. व्हिनाइलचा रंग त्यांच्यावर टिकत नाही. घरच्या एअरब्रशने ती रंगवण्याचा खटाटोप न केलेला बरा.

रंग विद्रावकाचा आहे हे एकदा ठरले, की एअरब्रशच्या निवडीतील अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. आणि जे उरतात ते पुठ्ठा, मातीची मूर्ती किंवा लाकडी आमिष रंगवणाऱ्याच्या प्रश्नांहून निराळे असतात.

आतल्या कड्या

पहिला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: एअरब्रशच्या आतील सीलबंद कड्या कशाच्या आहेत? सुईभोवती आणि हवेच्या झडपेपाशी बसवलेल्या या बारीक कड्या साध्या रबराच्या असतील, तर एमईके, ॲसिटोन किंवा टोल्यूनसारख्या विद्रावकांत त्या फुगतात. सुई अडखळू लागते, रंग मागे घोड्याकडे झिरपतो आणि एका रविवारच्या कामानंतर हत्यार अडगळीत जाते. टेफ्लॉनच्या, म्हणजे पीटीएफईच्या कड्या या विद्रावकांना दाद देत नाहीत. विक्रीच्या वर्णनात नुसते ‘विद्रावकरोधी’ असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये; कोणत्या जागची कडी कशाची आहे हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. स्वस्त एअरब्रशसोबत जादा कडी मिळाली असेल, तर ती वापरायच्या विद्रावकात झाकणबंद काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून सकाळी मूळ कडीशी ताडून पाहावी. फुगली असेल तर उत्तर मिळाले. हीच कसोटी रंगाच्या प्याल्याला आणि झाकणालाही लागू आहे; धातूचा प्याला किंवा काचेची बाटली चालते, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्या तडकतात.

रंग कोठून येतो, घोडा काय करतो

एअरब्रशमध्ये वेगाने जाणारी हवा टोकाशी दाब कमी करते आणि रंग ओढून त्याचे तुषार करते. हवा व रंग हत्याराच्या आत, टोकाशी मिसळत असतील तर तुषार बारीक व एकसारखे पडतात. बाहेर मिसळत असतील तर किंचित भरड, ठिपकेदार. घोडा दाबल्यावर फक्त हवा सुटत असेल आणि रंगाचे प्रमाण आधीच फिरवून ठेवायचे असेल, तर तो एकक्रियेचा. घोडा खाली दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग, तर तो द्विक्रियेचा. रंग वरच्या प्याल्यातून स्वतःच्या भाराने उतरतो किंवा खालच्या बाटलीतून ओढला जातो. बाजूला प्याला असलेलेही असतात.

सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो: आत मिसळणारा, द्विक्रियेचा, वरच्या प्याल्याचा घ्यावा. चित्रकारासाठी तो योग्यच आहे. माशाच्या पाठीवरील काळसर छटा पोटाकडे विरत नेणे, कल्ल्यामागे एकच ठिपका देणे, बेडकाच्या पाठीवरील डाग अर्धवट धूसर ठेवणे यांसाठी त्याला तोड नाही. शिवाय प्याल्यात रंगाचे पाच-सहा थेंबही पुरतात. जपानी इवाटा कंपनीचा एक्लिप्स हा ०.३५ मि.मी. नॉझलचा एअरब्रश आमिषे बनवणाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे, त्याचे एक कारण हेच आणि दुसरे, अधिक व्यावहारिक कारण असे की त्याचे नॉझल आट्यांचे नसून नुसते जागेवर बसवायचे असते. इवल्याशा आट्या असलेले नॉझल साफ करताना पान्याने जरा जास्त पिळले की तुटते, आणि तुटकी आटी आतच अडकते.

परंतु वरचा सल्ला घट्ट व्हिनाइल रंगाला पूर्णपणे लागू पडत नाही. असा रंग नॉझलच्या आत वाळला की तो पाण्याने निघत नाही. सुई बाहेर ओढताना वाकते. येथे बाहेर मिसळणारा, एकक्रियेचा, जुन्या घाटाचा एअरब्रश बराच शहाणा ठरतो. अमेरिकेतील पाश कंपनीचा ‘एच’ हा त्याचा नमुना. रंग हत्याराच्या मुख्य अंगातून जातच नाही, फक्त टोकाच्या शंकूतून जातो. तो शंकू काढून विद्रावकात टाकला की सफाई झाली. १, ३ आणि ५ अशा क्रमांकांची, वाढत्या आकाराची टोके मिळतात. बारीक रेघ त्याने नीट येत नाही, हा दोष खरा. पण आमिषाच्या पाठीला गडद, कुशीला मोतिया आणि पोटाला पांढरा असे तीन पट्टे द्यायचे असतील, तर बारीक रेघ हवी कोणाला? चित्रकारांच्या जगात मागे पडलेले हे हत्यार मऊ आमिषांसाठी आजही मोलाचे आहे आणि त्याची शिफारस जितकी व्हावी तितकी होत नाही.

एकच एअरब्रश घेणे शक्य असेल, तर ०.५ मि.मी. नॉझलचा, वरच्या प्याल्याचा, द्विक्रियेचा, टेफ्लॉन कड्यांचा घ्यावा. ०.२ मि.मी. चा मोह टाळावा. मोतिया रंगातील अभ्रकाचे कण त्यात पुनःपुन्हा अडकतात आणि चमकीचा तर प्रश्नच येत नाही. आमिषांसाठी वापरली जाणारी चमकी ०.२ मि.मी. आणि त्याहून मोठी असते. ती कोणत्याही एअरब्रशमधून फवारायची वस्तू नव्हे, ओतताना प्लॅस्टिसॉलमध्येच घालायची असते.

हजार-दोन हजार रुपयांत मिळणारे, जपानी घाटाची नक्कल असलेले बिननावाचे एअरब्रश घ्यावेत का, हा नेहमीचा प्रश्न. शिकण्यासाठी घ्यायला हरकत नाही, परंतु सुई व नॉझल सुटे मिळतात याची खात्री आधी करावी. सुईचे टोक वाकणारच आहे. प्रश्न फक्त केव्हा याचा आहे. नामांकित कंपनीचे हत्यार घेतानाही भारतात त्याचे सुटे भाग मिळतात की परदेशातून मागवावे लागतात, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. नळीच्या आट्याही कंपनीगणिक वेगळ्या असतात. जोडणीचा तुकडा सोबत घेतला नाही तर खोका उघडूनही काम सुरू होत नाही. हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या संचांचा दाब कमी आणि अस्थिर असतो. केकवरील पातळ रंगाला ते ठीक, व्हिनाइलला नाहीत.

हवा

एअरब्रशवर खर्च करून कॉम्प्रेसरवर बचत करणे ही सर्रास होणारी चूक आहे. टाकी नसलेल्या कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते आणि ती धडधड रंगात उमटते. तीन लिटरची टाकी, दाब नियंत्रक आणि पाणी धरणारा सापळा असलेला, मिनिटाला वीसेक लिटर हवा देणारा छोटा तेलरहित कॉम्प्रेसर घरच्या कामाला पुरतो. बारीक कामाला साधारण १५ पीएसआय, मुख्य थरांना २० ते ३० पीएसआय दाब लागतो. मंडीदीपसारख्या गावात गॅरेज आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांत मोठे कॉम्प्रेसर हाताशी असतात. त्यांवर दाब नियंत्रक व तेल-पाणी गाळणी लावून काम भागते, फक्त तेलाचा अंश हवेत येऊ देता कामा नये. तेलाचा एक थेंब आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून घरीच आवाजरहित यंत्र बनवण्याची युक्ती हौशी मंडळींत चालते. यंत्र खरोखर शांत चालते. मात्र सुरक्षा झडप नसलेली टाकी, किंवा टाकी म्हणून जुना गॅस सिलिंडर, हा प्रकार घरात बॉम्ब ठेवण्यासारखा आहे.

पाण्याचा सापळा मंडीदीपच्या कोरड्या हिवाळ्यात क्वचित भरतो. गोव्यात तो वर्षातील बराच काळ भरत राहतो. खाऱ्या, दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साठते आणि तिला आतून गंज चढतो. काम संपल्यावर तळाची झडप उघडून टाकी रिकामी करण्याची सवय येथे अनिवार्य मानावी.

पाण्यातला रंग आणि माणसाच्या डोळ्यातला रंग

किती बारकाईने रंगवावे, हे पाणी ठरवते. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो; थोड्या खोलीवर तो काळपट दिसतो. गढूळ पाण्यात आकृती आणि विरोध महत्त्वाचा, खवले नव्हेत. पावसाळ्यानंतरच्या बेतवेत किंवा भरतीच्या गढूळ झुआरीत काळी पाठ व पिवळट हिरवे पोट हे दोनच पट्टे तपशीलवार खवल्यांच्या चित्राहून अधिक काम करतात. जलाशयाच्या निवळ पाण्यात मात्र मासा आमिष न्याहाळतो. तेथे मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून, आमिष तिच्यामागे टेकवून फवारलेले खवले उपयोगी पडतात. आमिषाभोवती जाळी घट्ट गुंडाळू नये. मऊ अंगावर तिचे वळ उमटतात.

येथेच एक गैरसोयीचा प्रश्नही विचारायला हवा: एअरब्रश खरोखर हवाच आहे का? रंगद्रव्य ओतण्यापूर्वीच मिसळता येते, एका साच्यात दोन रंग एकामागून एक ओतता येतात, साच्याच्या आतील बाजूला मोतिया भुकटी बोटाने चोळून ठेवली तर ती ओतीव आमिषाच्या अंगातच बसते. अशा रंगाला सुटण्याचा प्रश्नच नाही. मरळीसाठी बेडूक बनवणाऱ्याला बहुधा एवढे पुरते. एअरब्रश लागतो तो पाठीपासून पोटापर्यंत विरत जाणाऱ्या छटेसाठी, आणि खरे सांगायचे तर हौसेसाठी. हौस हे कारण कमी प्रतीचे नाही. फक्त ते माशावर ढकलू नये.

फुप्फुसे, चूल आणि नाला

या छंदातील खरा धोका एअरब्रशच्या खोक्यावर लिहिलेला नसतो. ब्रशने लावलेला रंग पृष्ठभागावर राहतो. फवारलेल्या रंगाचा मोठा हिस्सा हवेत जातो आणि खोली बंद असेल तर श्वासात. टोल्यून आणि एमईकेची वाफ साध्या कापडी मुखपट्टीने किंवा एन-९५ मास्कनेही अडत नाही, कारण ते मास्क कण अडवतात, वाफ नव्हे. सेंद्रिय वाफेसाठीच्या, सक्रिय कोळशाच्या डबीचा मुखवटा लागतो आणि वास येऊ लागला की ती डबी बदलावी लागते. कारखान्यातील रंगविभागात हा नियम पाळणारा कामगार घरच्या गच्चीत तो विसरतो, हे आश्चर्यच.

ही वाफ ज्वालाग्राही असते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत फवारणी करू नये. देवघरातील समईही पुरेशी आहे. रंग लवकर वाळावा म्हणून ओल्या थरावर हीट गन रोखणे हा तर आगीला आवतणाचाच प्रकार. ओतकामाचे वेगळे पथ्य आहे: प्लॅस्टिसॉल फार तापले की पिवळे पडून जळू लागते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सोडते. साच्यात पाण्याचा थेंब राहिला असेल तर गरम प्लॅस्टिसॉल अंगावर उडते. ज्या मायक्रोवेव्हमध्ये मुलांचे दूध गरम होते, त्यात ते कधीही तापवू नये.

एअरब्रश धुतल्यावर उरलेला थिनर मोरीत ओतला जातो, आणि मोरी कोठे जाते हे गरवणाऱ्याला सांगावे लागू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत बेतवेचा मंडीदीप ते विदिशा हा पट्टा आलेला आहे आणि गोव्याच्या साळ नदीचा खारेबांध ते मोबोर हा पट्टाही. त्यात एका छंदिष्टाच्या वाटीभर थिनरचा वाटा नगण्य आहे, हे मान्य. तरी तो थिनर काचेच्या बरणीत झाकून ठेवला की रंग तळाशी बसतो, वरचा स्वच्छ द्रव पुढच्या धुण्याला पुन्हा चालतो, आणि पैसेही वाचतात. तळाचा गाळ वाळवून घातक कचऱ्यात द्यावा. फाटलेली मऊ आमिषेही पाण्यात टाकू नयेत. ती कुजत नाहीत, आणि गिळली तर माशाच्या पोटात फुगून राहतात. सदोष आमिषे पुन्हा वितळवून ओतता येतात, रंगवलेली मात्र गडद रंगाच्या ओतीतच खपतात.

हंगाम

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ असतो. मोठ्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्य महासंघाकडे किंवा सहकारी संस्थांकडे असल्याने एरवीही गरी टाकण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी लागते. महशीर हा त्या राज्याचा राज्यमासा आहे. तो लागला तर पाण्यातच गळ सोडवून मोकळा करणे हाच तेथील जाणत्यांचा शिरस्ता. चोणकाच्या बाबतीतही मोठा मासा सोडण्याला कारण आहे: हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सर्वांत मोठे चोणक सहसा अंडी देणाऱ्या माद्या असतात.

गोव्यात यांत्रिक बोटींसाठी १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि वादळी पावसात किनाऱ्यावरून गरवणेही शहाणपणाचे नसते. त्यामुळे हे दिवस आमिषे बनवण्यासाठी योग्य वाटतात. ओतकाम या दिवसांत खुशाल उरकावे, साचे मात्र पूर्ण कोरडे करून. रंगकाम तेव्हा करू नये. विद्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर बसते आणि रंगावर दुधाळ पांढरी झाक चढते. ती मग पुसून जात नाही. ओतलेली आमिषे सरळ, न वाकवता, रंगांनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली, की फवारणीच्या आधी प्रत्येक आमिष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वर आलेला ओशटपणा काढावा, एकच आमिष रंगवावे, ते दोन दिवस ठेवून दोन्ही हातांनी ताणून पाहावे, आणि रंगाला चीर गेली नाही तरच उरलेल्यांना हात घालावा.